स्वतःचा डोळा तपासावयास देणारा शिक्षक : जॉन डाल्टन

इंग्लंडमधील ईगल्सफील्ड या खेड्यात १७६६ साली एका गरीब विणकराच्या घरी जॉन डाल्टन यांचा जन्म झाला. वयाच्या बाराव्या वर्षीच ते गावच्या शाळेत शिकवू लागले. क्वेकर पंथीयांना त्या काळी ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे. डाल्टन स्वाध्यायाने विद्वान झाले व पुढे आधुनिक अणुसिद्धांताचे जनक ठरले.

१७९२ साली जिरेनियमचे एक गुलाबी फूल त्यांना दिवसा आकाशी, तर मेणबत्तीच्या उजेडात तांबूस दिसले. असा बदल त्यांच्या भावाखेरीज इतरांना दिसेना. आपल्या दृष्टीतील हे वेगळेपण न लपविता १७९४ साली मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे त्यांनी त्यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातील द्रव निळसर असून तो तांबडा प्रकाश शोषून घेत असावा, असे त्यांचे अनुमान होते. ते पडताळण्यासाठी मृत्यूनंतर आपला डोळा तपासावा, अशी त्यांची इच्छा होती. १८४४ साली त्यांच्या निधनानंतर तपासणी झाली. द्रव स्वच्छ निघाला, अनुमान चुकले.

मात्र जतन केलेल्या त्याच डोळ्याने १९९५ साली खरे उत्तर दिले. रंग केवळ वस्तूत नसतो. नेत्रपटलावरील तीन प्रकारच्या शंकुपेशींच्या संदेशांतून मेंदू तो ओळखतो. हिरव्या प्रकाशास विशेष प्रतिसाद देणाऱ्या रंगद्रव्याचे जनुक डाल्टन यांच्यात नव्हते.

केवळ परंपरेने आले म्हणून मानू नका, पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. डाल्टन यांनी दूर देशी स्वतःच्या मतालाही तोच नियम लावला.