राजपुत्र, भिक्षू, राजा : मोंगकुट यांचे चरित्र

चरित्राचा अभ्यास करताना एखाद्या व्यक्तीची लोकमानसातील प्रतिमा आणि तिचे प्रत्यक्ष जीवन यांतील अंतर तपासावे लागते. सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे, राजे मोंगकुट यांचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे.

१. सिंहासनाऐवजी चीवर

मोंगकुट यांचा जन्म १८०४ साली झाला. राणीच्या पोटी जन्मल्यामुळे गादीवर त्यांचा हक्क मोठा होता. वयाच्या विसाव्या वर्षी, तेथील रूढीप्रमाणे, त्यांनी काही काळासाठी भिक्षूची दीक्षा घेतली. त्यानंतर थोड्याच दिवसांत वडील निवर्तले आणि दरबाराने वयाने मोठ्या, अनुभवी सावत्र भावाची राजा म्हणून निवड केली. मोंगकुट चीवरातच राहिले. काही आठवड्यांचा संकल्प सत्तावीस वर्षांचा झाला.

२. बोवोन्निवेत विहार

बँकॉकच्या जुन्या भागातील बोवोन्निवेत विहार तुम्ही कधी पाहिलात, तर या सत्तावीस वर्षांचे फलित तुमच्यासमोर उभे राहील. १८३६ साली मोंगकुट या राजविहाराचे प्रमुख झाले. भिक्षूंचे आचरण विनयाच्या नियमांपासून ढळले आहे, असे त्यांना वाटत होते. मोन भिक्षूंच्या काटेकोर शिस्तीचा त्यांच्यावर प्रभाव होता. मूळ पाली ग्रंथांचा आधार घेऊन त्यांनी धम्मयुत हा सुधारणावादी पंथ उभा केला. पालीसाठी त्यांनी आर्यक नावाची नवी लिपी तयार केली आणि विहारात छापखाना चालवला.

प्रौढ वयात त्यांनी फ्रेंच बिशप पालेग्वा यांच्याकडून लॅटिन आणि अमेरिकन मिशनऱ्यांकडून इंग्रजी शिकून घेतली. धर्मांतर न करता परक्यांचे ज्ञान घ्यावे, ही त्यांची भूमिका होती. ती मंदिराच्या भिंतींवरही दिसते. भिक्षू चित्रकार ख्रुआ इन खोंग यांनी तेथे पाश्चात्त्य वेशातील माणसे आणि पाश्चात्त्य इमारती रंगवून त्यांतून बुद्ध, धम्म आणि संघ यांचे महत्त्व सूचित केले आहे. त्याच मंदिरात फित्सानुलोकहून आणलेली प्राचीन बुद्धमूर्ती विराजमान आहे.

३. राजपद आणि अखेर

१८५१ मध्ये भावाच्या मृत्यूनंतर मोंगकुट गादीवर आले. ब्रह्मदेशाचा मोठा भाग इंग्रजांनी गिळला होता. १८५५ च्या ब्रिटिश करारात त्यांनी आयातकर तीन टक्क्यांवर आणला आणि ब्रिटिश प्रजाजनांना सयामी न्यायालयांतून सूट दिली. राज्याचे अधिकार घटले. परंतु राज्य टिकले.

खगोलगणित हा त्यांचा आवडीचा विषय. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे स्थळ व वेळ त्यांनी स्वतः गणिताने काढली आणि वा को येथे परदेशी पाहुण्यांना आमंत्रित केले. याच ग्रहणाचे निरीक्षण भारतात गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी केले. मोंगकुट यांचे गणित अचूक ठरले. पण त्या दलदलीच्या प्रदेशात त्यांना हिवताप जडला आणि १ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. सोबत गेलेले पुत्र चुलालोंगकोर्नही आजारी पडले होते. ते वाचले आणि पंधराव्या वर्षी राजे झाले.

४. प्रतिमा आणि वास्तव

जगाला मोंगकुट माहीत झाले ते राजवाड्यातील शिक्षिका ॲना लिओनोवेन्स यांच्या आठवणींमुळे. ॲना यांचा जन्म १८३१ साली आपल्या अहमदनगरचा. स्वतःची जन्मकथा मात्र त्यांनी बदलून सांगितली. त्यांच्या लेखनावरून पुढे कादंबरी, संगीतिका आणि चित्रपट झाले आणि एक विद्वान भिक्षू जगाला लहरी, हास्यास्पद राजा म्हणून दिसला. थायलंडमध्ये त्या चित्रपटावर बंदी आली. विहाराची परंपरा मात्र अखंड राहिली : १९५६ साली राजे भूमिबोल यांनी दीक्षाकाळ तेथेच व्यतीत केला.

चरित्रकाराने साक्षीदाराचे कथन स्वीकारण्यापूर्वी साक्षीदाराचेही चरित्र तपासावे, हा या अभ्यासाचा बोध तुमच्या लक्षात आला असेल.

सरावासाठी प्रश्न

१. मोंगकुट यांच्या भिक्षुजीवनाचा त्यांच्या राज्यकारभाराला कोणता उपयोग झाला असावा?
२. १८५५ च्या करारातील लाभ व हानी यांचे मूल्यमापन तुमच्या शब्दांत करा.