पंडिता रमाबाई : दुष्काळातल्या पोरींची माय, रोजच्या भाकरीसाठी देवावर भरवसा

भंडारा : १८९६-९७ च्या दुष्काळाच्या वेळी आपला भंडारा जिल्हा मध्य प्रांतात होता. प्रांतात ठिकठिकाणी माणसं अन्नावाचून मरत होती, पोरं उघड्यावर पडली होती. तेव्हा पुण्याहून एक विधवा बाई मध्य प्रांतात आली आणि सुमारे ३०० अनाथ मुली-बायकांना सोबत घेऊन गेली. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरायचं. दुष्काळ पडला. देव धावून येईल या आशेने होतं नव्हतं ते दानधर्मात आणि व्रतांत गेलं. शेवटी झाडपाला खाऊन दिवस काढले. १८७४ च्या सुमारास काही महिन्यांतच वडील, आई आणि मोठी बहीण गेली. रमाबाईंची जुनी श्रद्धा तिथेच हलली.

भावासोबत पायी फिरत त्या १८७८ मध्ये कोलकात्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. लग्न झालं, पण १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. यावरून इकडे मोठं वादळ उठलं. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, नंतर ते पुण्याला हलवलं. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारख्या सल्लागारांनीही साथ सोडली.

दुष्काळातल्या मुलींसाठी दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षं मदत देण्याचं वचन दिलं होतं. १८९८ मध्ये ती मुदत संपली. त्यानंतर बाईंनी पक्कं केलं की आजचं धान्य, आजचा पैसा देवाकडेच मागायचा.

१९०० च्या दुष्काळात सदनात जवळपास दोन हजार माणसं होती, वर जनावरं. संध्याकाळपर्यंत विहिरी उपसून कोरड्या व्हायच्या, सकाळी पुन्हा पाणी दिसायचं. विहिरीचं काम जाणणारा शेतकरी म्हणेल, रात्रभर झरे पाझरतात. बाईंच्या लेखी ते पाणी देवानेच दिलेलं होतं.

पण लहानपणी घरच्यांनी वाट पाहिली तशी नुसती वाट त्यांनी पाहिली नाही. प्रार्थना झाली की कामाला लागायचं. विहिरी खोदल्या, शेती केली, भाजीपाला लावला. मुलींच्या हाती हातमाग दिला, छापखाना दिला. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्या पोरी स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

शेवटची वर्षं त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. लेकीचं दुःख पोटात घेऊनही काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला केडगावलाच बाईंनी देह ठेवला.

१९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. केडगावचं मुक्ती मिशन आजही सुरू आहे.