कर्मवीरांची जमा बाजू

दक्षिण महाराष्ट्रातील जैन कुटुंबात, कुंभोज येथे, दि. २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेल्या भाऊराव पायगोंडा पाटील यांचे शैक्षणिक कार्य सर्वश्रुत आहे. त्यांनी सोसलेल्या अन्यायाची आठवण मात्र क्वचितच काढली जाते.

कोल्हापुरात शिकत असता ते जैन बोर्डिंगमध्ये राहात. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. एवढ्यासाठी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. अहिंसा आणि समभाव यांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या समाजाने ही गोष्ट झाकून ठेवू नये. त्या वेळी त्यांना आसरा दिला तो छत्रपती शाहू महाराजांनी.

पुढे १९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्यांना डांबर फासण्यात आले. संशय आला तो समाजाचे पुढारी अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर. लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांना धरण्यात आले. त्यांनी साफ नकार दिला. मग तुरुंग आला, मारहाण आली. छळ असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. अखेर सुटका झाली. पण अंगावर बसलेले वळ आणि मनाला झालेली जखम कोणी भरून दिली नाही. ज्या राजाने आसरा दिला, त्याच्याच संस्थानात हे घडले, हे शल्य निराळेच.

अशा प्रसंगानंतर माणसाचा माणसावरील विश्वास उडाला, तर त्याला दोष कसा द्यावा? भाऊरावांचा तो उडाला नाही. स्वभावाने ते मोठे तापट होते; राग त्यांना येत नसे असे मुळीच नाही. तरीही त्या रागाला त्यांनी आपला कारभार पाहू दिला नाही. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहात, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंक्तीला जेवत. बोर्डिंगमधून घालवून दिलेल्या विद्यार्थ्याने बोर्डिंगच काढले! मुलांची चूल पेटती राहावी म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडले.

या वसतिगृहाला १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते नाव देण्यात आले, ते श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. महाराज १९२२ सालीच निवर्तले होते. त्यांच्याकडून काही मिळण्याचा प्रश्न उरला नव्हता. बहुजनांच्या शिक्षणासाठी महाराजांनी केलेले काम भाऊरावांनी जमेस धरले होते. डांबर प्रकरण नावे पडले, म्हणून ती जमा त्यांनी खोडली नाही. लठ्ठे यांनीही १९२४ साली महाराजांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले होते.

पुढे १९४८ साली, त्यांच्या एका वक्तव्यावरून, सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. भाऊरावांनी शाळा बंद केल्या नाहीत. ते पुन्हा खेडोपाडी मदतीसाठी हिंडू लागले. गाडगे महाराज त्यांच्यासाठी उभे राहिले आणि काही काळाने अनुदान पुन्हा सुरू झाले.