पीटर सशाची आई, हर्डविक मेंढ्यांची मालकीण

बालमित्रांनो, पीटर ससा कोण हे तुम्हाला सांगायला नको. निळा कोट घालून मॅकग्रेगर आजोबांच्या मळ्यात मुळे खाणारा तो ससा आपल्या वर्गातल्या छोट्या गटालाही ठाऊक आहे. पण त्याची चित्रं काढणाऱ्या बीट्रिक्स पॉटर पुढे मेंढ्या पाळण्यात रमल्या, हे कदाचित आईबाबांनाही माहीत नसेल. लेक डिस्ट्रिक्टला आपण जातो, तळ्याकाठी डबे उघडतो, डोंगरांचे फोटो काढतो. ते दृश्य टिकून राहण्यात या बाईंचा मोठा वाटा आहे.

बीट्रिक्सचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन भागात झाला. घर श्रीमंत. दोन्ही आजोबांचा पैसा कापडधंद्यातला. तिला शाळेत कधी घातलंच नाही; शिकवायला बाई घरी येत. (हेवा वाटला ना? पण मैत्रिणीही नव्हत्या.) ती आणि धाकटा भाऊ बर्ट्रम ससे, उंदीर, बेडूक, वटवाघूळ असं काय काय पाळत आणि त्यांची चित्रं काढत. डायरी तिने स्वत:च्या गुप्त लिपीत लिहिली. ती थेट १९५८ मध्ये उलगडली. आजोबांची मोडीतली कागदपत्रं ज्यांच्या घरी पडून आहेत, त्यांना यातली गंमत कळेल.

१८८२ च्या उन्हाळ्यात पॉटर कुटुंब विंडरमियर तळ्याकाठी सुट्टीला आलं. तिथले पाद्री हार्डविक रॉन्सली यांचं मत असं, की हे डोंगर आणि तळी साऱ्या लोकांसाठी राखली पाहिजेत. १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट स्थापन करणाऱ्या तिघांपैकी ते एक. सोळा वर्षांच्या बीट्रिक्सच्या मनात त्यांचं बोलणं रुजलं.

पुढे तिने अळंब्यांचा बारीक अभ्यास केला. १८९७ मध्ये तिचा निबंध लिनियन सोसायटीत मांडला गेला, पण बायकांना सभेत प्रवेश नसल्यामुळे तो दुसऱ्यानेच मांडला. मग १९०२ मध्ये पीटर ससा छापून आला आणि तिचं नाव झालं. पाठोपाठ १९०३ मध्ये नटकिन ही लाल खार आली. अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारींपुढे लाल खार मागे हटली आणि इंग्लंडमध्ये आता मुख्यत: उत्तरेकडेच उरली आहे. लेक डिस्ट्रिक्टमध्ये दिसली तर नशीब समजा. भीमाशंकरला शेकरू दिसावा तसं.

१९०५ मध्ये प्रकाशक नॉर्मन वॉर्न यांच्याशी लग्न ठरलं. धंदा करणारा जावई आईवडिलांना कमी दर्जाचा वाटला. कापडाच्या पैशावर जगणाऱ्यांनी असं म्हणावं, याला काय म्हणावं! महिनाभरातच नॉर्मन वारले. त्याच वर्षी बीट्रिक्सबाईंनी नियर सॉरी गावातलं हिल टॉप हे शेत घेतलं. १९१३ मध्ये विल्यम हीलिस या वकिलांशी लग्न झालं आणि गावासाठी त्या मिसेस हीलिस झाल्या.

आता मेंढ्यांकडे येऊ. तिथली हर्डविक मेंढी जन्मत: जवळजवळ काळी असते, वाढत्या वयात करडी होत जाते. लोकर राठ, आपल्या घोंगडीसारखी. वरच्या डोंगरावर कुंपण नसतं, तरी कळप आपल्याच भागात चरतो, कारण आई कोकराला आपली हद्द शिकवते. त्यामुळे शेत विकलं तरी कळप तिथेच राहावा लागतो. एकदा तो मोडला, की बाहेरून मेंढ्या आणून ती ओळख सहज तयार होत नाही. बाईंनी हे नेमकं ओळखलं. नुसता देखावा राखता येत नाही. दगडी बांध घालणारा आणि मेंढ्या वळणारा शेतकरी टिकला तरच तो राहतो. मेंढ्या झाडं वाढू देत नाहीत अशी तक्रार आज काही निसर्गप्रेमी करतात, आणि तीही खोटी नाही.

शेतं विकायला निघत होती, तुकडे पाडून बंगले उठतील अशी भीती होती. बाई पुस्तकांच्या पैशातून शेतं घेत गेल्या. १९३० मध्ये मंक कॉनिस्टनची सुमारे ४००० एकर जमीन त्यांनी घेतली आणि जवळजवळ निम्मी ट्रस्टला खरेदीच्याच भावात दिली. टार्न हाऊजचं तळं त्यातलंच. लोकरीचा जाडाभरडा पोशाख घालून त्या चिखलात हिंडायच्या, बाजारात मेंढ्यांची पारख करायच्या.

२२ डिसेंबर १९४३ रोजी त्या वारल्या. ४००० हून जास्त एकर आणि १४ शेतं त्यांनी ट्रस्टसाठी ठेवली. डोंगरावरच्या शेतांवर शुद्ध हर्डविक कळपच राहावेत, असंही मृत्युपत्रात लिहिलं. लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान झालं ते १९५१ मध्ये, त्यांच्यामागे आठ वर्षांनी.

त्यांची रक्षा टॉम स्टोरी या त्यांच्या मेंढपाळाने हिल टॉपच्या वरच्या माळावर विखुरली. नेमकी जागा त्यांनी जाहीर केली नाही.