राष्ट्रसंत श्री तुकडोजी महाराज : संकटातील अढळ श्रद्धा

श्रीक्षेत्र चिमूर येथे श्रीहरी बालाजी महाराजांच्या दर्शनास येणारा भाविक मनात काही ना काही व्यथा घेऊन येतो. कोणाच्या घरी आजारपण असते, कोणाचे पीक बुडालेले असते, कोणी जिवलगास मुकलेला असतो. देव आपली हाक ऐकतो काय, हा प्रश्न त्याला छळीत असतो. ज्यांनी आपल्या जीवनानेच या प्रश्नाचे उत्तर दिले, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची तपोभूमी याच परिसरात आहे.

महाराजांचा जन्म 30 एप्रिल 1909 रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. त्यांचे मूळ नाव माणिक. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही. वरखेड येथील श्री आडकोजी महाराजांनी या मुलाला जवळ केले व तुकड्या हे नाव दिले. परंतु लहान वयातच गुरूंचे छत्र हरपले. व्याकुळ झालेल्या माणिकने घर सोडले आणि ईश्वराच्या शोधात अरण्याची वाट धरली. रामटेक, सालबर्डी, तसेच चिमूर परिसरातील रामदिघी व गोंदोडा येथील निबिड वनांत त्यांनी साधना केली. अन्नाची शाश्वती नाही, सोबतीला कोणी नाही, भोवती वन्य श्वापदांचे भय. अशा स्थितीत नामस्मरण हाच त्यांचा आधार होता.

अरण्यातून ते लोकांत आले ते खंजिरी घेऊन. त्यांची भजने मराठी व हिंदी भाषांतून गावोगावी घुमू लागली. 1935 साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली.

त्यांच्या भजनांनी या भागात स्वातंत्र्याची चेतना जागविली. 16 ऑगस्ट 1942 रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटून उठले. तरुण बालाजी रायपूरकर हुतात्मा झाले. काही सरकारी अधिकारीही मारले गेले. त्यानंतर गावावर भीषण दडपशाही झाली. घरे लुटली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले, अनेकांना कारावास भोगावा लागला. 28 ऑगस्ट रोजी महाराजांना चंद्रपूर येथे अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत सुमारे शंभर दिवस ठेवण्यात आले. ज्यांच्यासाठी भजने गायली, तेच लोक होरपळत असता त्यांच्या जवळ जाणेही अशक्य झाले होते. भक्ताच्या श्रद्धेची याहून कठीण कसोटी कोणती असेल?

सुटकेनंतर महाराज पुन्हा एकांतवासाकडे वळले नाहीत. ते गावोगाव फिरले. सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई, व्यसनमुक्ती व अस्पृश्यतानिवारण या कार्यांस त्यांनी वाहून घेतले. जातिभेद विसरून गावाने एकत्र बसावे व देवाला आळवावे, म्हणजे एकाचे दुःख एकट्याचे राहत नाही, हा या प्रार्थनेचा भाव होय. गाव हेच देवाचे रूप मानून त्यांनी ग्रामगीता रचली.

आयुष्याच्या अखेरीस कर्करोगाने त्यांना गाठले. लाखो लोकांना प्रार्थना शिकविणाऱ्या या संतालाही देहाचे भोग चुकले नाहीत. 11 ऑक्टोबर 1968 रोजी सायंकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी त्यांनी गुरुकुंजात देह ठेवला. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात त्याच वेळी हजारो गुरुदेवभक्त मौन राहून त्यांना श्रद्धांजली वाहतात.

देवावर विश्वास ठेवणाऱ्याला दुःख होत नाही, असे महाराजांचे चरित्र सांगत नाही. दुःखातही देवाचा हात आणि माणसांची सोबत सोडू नये, हाच त्याचा बोध आहे. भाविकांनी श्री बालाजींच्या दर्शनानंतर गोंदोडा येथील तपोभूमीचेही दर्शन अवश्य घ्यावे आणि आपल्या प्रार्थनेत शेजाऱ्याच्या दुःखालाही स्थान द्यावे.