प्रत्यक्षाचा उपासक व्हेसेलियस

कोपर वाकवून मूठ आवळली की दंडावर एक गोळा टरारून वर येतो. मराठी मुले त्याला बेडकुळी म्हणतात, कारण तो त्यांना बेडकासारखा भासतो. प्राचीन ग्रीकांना मात्र तेथे उंदीर दिसला. त्यांच्या भाषेत उंदीर आणि स्नायू यांना एकच शब्द होता. लॅटिनमधील ‘मुस्कुलुस’ या शब्दाचा अर्थही ‘लहानसा उंदीर’ असाच आहे आणि त्यापासूनच इंग्रजीतील ‘मसल’ हा शब्द आला. नाव मोठे गमतीचे. परंतु नाव ठाऊक झाले म्हणजे वस्तू कळली असे नव्हे. या स्नायूंचे खरे स्वरूप जगापुढे मांडण्यासाठी ज्याने आपले तारुण्य वेचले, तो थोर पुरुष म्हणजे आंद्रेआस व्हेसेलियस.

व्हेसेलियसचा जन्म ३१ डिसेंबर १५१४ रोजी ब्रुसेल्स येथे झाला. त्याच्या घराण्यात वैद्यकाची परंपरा होती. पिता सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पदरी औषधे सिद्ध करीत असे. १५३३ साली व्हेसेलियस वैद्यक शिकण्यासाठी पॅरिसला गेला. तेथे सिल्व्हियस नावाचा विद्वान त्याचा गुरू होता. त्या काळी दुसऱ्या शतकातील वैद्य गेलन याचे ग्रंथ वेदवाक्याप्रमाणे मानले जात. आचार्य उच्चासनावर बसून ग्रंथ वाचीत, खाली एखादा न्हावी शवावर शस्त्र चालवी आणि विद्यार्थी दुरून पाहत. व्हेसेलियसला ही रीत रुचली नाही.

१५३७ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो इटलीतील पादुआ विद्यापीठात अध्यापक झाला. त्याने उच्चासन सोडले, शस्त्र स्वतःच्या हाती घेतले आणि विद्यार्थ्यांना जवळ बोलावून एकेक स्नायू मोकळा करून दाखविला. तेव्हा ग्रंथ आणि देह यांत मेळ बसेना. गेलनने पोटावरील सरळ स्नायू छातीवर पुष्कळ उंच गेल्याचे वर्णिले होते. मनुष्यदेहात तर तो छातीच्या खालच्या भागाशीच थांबत होता. जबड्याचे खालचे हाड दोन भागांचे सांगितले होते. ते तर अखंड होते. असे का व्हावे? याचे उत्तर व्हेसेलियसने शोधून काढले. गेलनच्या काळी रोममध्ये मानवी शवाचे विच्छेदन करता येत नसे. म्हणून त्याने माकडे व इतर प्राणी यांचे देह तपासले आणि तेच वर्णन मनुष्याला लागू केले.

हे सर्व व्हेसेलियसने आपल्या महान ग्रंथात मांडले. त्याच्या चित्रांचे लाकडी ठसे आल्प्स पर्वत ओलांडून बाझेल येथे नेण्यात आले आणि १५४३ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या सात भागांपैकी दुसरा भाग अस्थिबंध व स्नायू यांना वाहिलेला आहे. त्यातील चित्रांत मनुष्याकृती डोंगरदऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उभ्या आहेत आणि पानागणिक स्नायूंचा एकेक थर उतरत जातो.

विद्वानांनी त्याच्यावर टीकेची झोड उठविली. सर्वांत मोठा घाव गुरूचाच होता. गेलन चुकला असे मानण्यापेक्षा त्याच्या काळानंतर मनुष्याचा देहच बदलला, असे सिल्व्हियसने प्रतिपादन केले. १५५१ साली तर त्याने शिष्याला वेडा ठरविणारे पुस्तक लिहिले. व्हेसेलियसने त्याआधीच अध्यापन सोडून सम्राटाची चाकरी पत्करली होती आणि निराशेच्या भरात आपली कित्येक टिपणे अग्नीच्या स्वाधीन केली होती. १५६४ साली जेरुसलेमच्या यात्रेहून परतताना ग्रीक समुद्रातील झाकिंथोस बेटावर त्याचा अंत झाला.

दैवाची लीला अशी, की व्हेसेलियसने स्नायूंना बहुधा क्रमांकच दिले होते. त्यांना नावे देण्याच्या कामात मोठा वाटा सिल्व्हियसचा ठरला. पुढील पिढ्यांनी गुरूची नावेही ठेवली आणि शिष्याची दृष्टीही घेतली. परंतु त्या नावांमागचा देह डोळ्यांनी पाहून पारखण्याचे धैर्य वैद्यकाला लाभले, ते व्हेसेलियसमुळे.