वाट पाहण्याचे गणित मांडणारे एर्लांग

बॉथेलमधील दूरसंचार कंपन्यांच्या कार्यालयांत सर्व्हर सांभाळणाऱ्या मराठी अभियंत्यांना एक प्रश्न रोजचाच आहे : जोडण्या किती राखाव्यात, आणि सगळ्या गुंतलेल्या असताना नवी विनंती आली तर तिला परतवावे की रांगेत थांबवावे? त्याचे गणिती उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत तयार झाले.

ते देणारे आग्नर क्रारुप एर्लांग यांचा जन्म डेन्मार्कमधील लोनबोर्ग या खेड्यात 1 जानेवारी 1878 रोजी झाला. वडील गावच्या शाळेत शिक्षक. भाऊ पुस्तक वाचत असता तेच पुस्तक समोरून, उलट्या अक्षरांत वाचण्याची आग्नरला लहानपणी सवय होती. 1901 साली गणिताची पदवी घेऊन त्यांनी काही वर्षे शाळांत शिकवले. गणितज्ञांच्या मंडळात त्यांची ओळख योहान जेन्सन यांच्याशी झाली. असमानतेमुळे गणितात अजरामर झालेले हेच जेन्सन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंता होते. 1908 मध्ये एर्लांग त्या कंपनीत रुजू झाले.

दूरध्वनी करणारे एकमेकांना विचारून फोन करीत नाहीत, हे साधे निरीक्षण त्यांनी 1909 मध्ये संभाव्यतेच्या भाषेत मांडले. 1917 च्या निबंधात पुढची पायरी आली. तासाला सरासरी 60 फोन आणि प्रत्येक 2 मिनिटांचा, म्हणजे हिशेबाने दोनच तारा पुरेशा वाटतात. पण एर्लांग यांच्या सूत्रानुसार, रांग नसेल तर दोन तारांवर 40 टक्के फोन परत जातात. पाच तारा दिल्या की हे प्रमाण 4 टक्क्यांखाली येते. सरासरीवर विसंबून कनेक्शन पूल आखणाऱ्याची फसगत नेमकी इथेच होते. असिंक्रोनस पद्धतीत उत्तराची वाट पाहणारी जोडणी थ्रेड अडवून बसत नाही, हे खरे; तरी मागे डेटाबेसच्या जोडण्या मोजक्याच असतात आणि रांग तिथे लागते.

हे काम केवळ कागदावरचे नव्हते. भूमिगत तारांची मोजमापे घेण्यासाठी एर्लांग स्वतः रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये उतरत. शिडी घेतलेला एक कामगार सोबत असे. ते अविवाहित राहिले. पुस्तके पुष्कळ जमवली, आणि दारी आलेल्या गरजूंना गाजावाजा न करता पैसे दिले.

जवळजवळ वीस वर्षे आजारपणाची रजा त्यांना फारशी घ्यावी लागली नव्हती. 1929 च्या प्रारंभी मात्र पोटाची शस्त्रक्रिया झाली, आणि 3 फेब्रुवारीला, वयाच्या 51 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. 1946 मध्ये दूरध्वनी वाहतुकीच्या एककाला ‘एर्लांग’ हे नाव मिळाले. पुढे एरिक्सन कंपनीत जन्मलेल्या प्रोग्रामिंग भाषेलाही तेच नाव दिले गेले. याच भाषेच्या आधारे 2012 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने एका सर्व्हरवर वीस लाखांहून अधिक जोडण्या एकाच वेळी सांभाळल्या.